"खराब" लिहिलेली डिस्क

शनिवार, सकाळचे सात
मशीनच्या खोलीतून

कॉम्प्युटरवाले दादा,

नमस्कार. कसे आहात विचारत नाही, काल तुमचं तोंड बघितलंय. मी रात्रभर झोपले नाही. बाळीने जागवलं म्हणून नाही, ती बिचारी गाढ झोपली होती. काल मॅडम तुम्हाला म्हणाल्या, "उद्या साडेनऊला या, चाव्या ठेवा आणि मोकळे व्हा." तेव्हा मी दाराबाहेर फरशी पुसत होते. ते ऐकलं आणि झोप उडाली.

ओळखलंत ना? झाडू-फरशीवाली. पाय वाजत नाहीत म्हणून तुम्ही मला मांजर म्हणता, ती.

आधी कामाचं सांगते. नकाशे परत मिळतील. शेवटचे पंधरा दिवस सोडले तर सगळेच्या सगळे. धीर द्यायला बोलत नाही, खात्रीने सांगते. माझी एवढी खात्री कशी, ते सांगायलाच पत्र लिहितेय, आणि तेच हातातून उतरत नाहीये.

दोन महिने तुम्ही त्या मोठ्या मशीनच्या मागे हात धुऊन लागलात. सगळ्यांचे नकाशे त्याच्यात, ते बंद पडलं की अख्खं ऑफिस हातावर हात धरून बसायचं. तुम्ही पंखा बदललात. आतल्या पट्ट्या काढून खोडरबराने घासल्यात. मी म्हटलं, "दादा, गृहपाठ खोडताय का?" तर म्हणालात, "हे पोरगंच नापास आहे, गृहपाठ खोडून काय होणार?" मग वायर बदलली. आतलं सगळं पुसून नव्याने भरलं. शेवटी नकाशे साठवायची डिस्कच बदलली. तरी मंगळवारी बंद, बुधवारी बंद, शुक्रवारी बंद. आणि तुम्ही सोमवारी-गुरुवारी येऊन समोर बसलात की दिवसभर गुणी बाळासारखं चालायचं. मॅडम म्हणायच्या, "तुम्हालाच बांधून ठेवते आता मशीनला." तुम्ही हसून म्हणायचात, "मला घाबरतंय हो ते."

ते तुम्हाला घाबरत नव्हतं, दादा. मी घाबरत होते.

बाळी आठ महिन्यांची आहे. ती घरी सासूबाईंजवळ असते. वरचं दूध तिला पचत नाही, सगळं ओकते. म्हणून नणंदेने मला दूध काढायचं यंत्र दिलं. ते विजेवर चालतं. बाथरूममध्ये प्लग नाही. चहाच्या खोलीत सारखी माणसं. कागदांच्या खोलीत जायचे, तर दोन महिन्यांपूर्वी तिथे छतापर्यंत खोकी लावली. आतून कडी असलेली एकच खोली उरली, ही. आणि इथे माझ्या हाताला पुरेल असा प्लग एकच, मशीनखालच्या बॅटरीच्या डब्याचा.

तो मी काढायचे आणि तिथे माझं यंत्र लावायचे. सव्वाअकराला. वीस मिनिटं.

पहिल्यांदा काढला तेव्हा मशीन चालूच राहिलं. मला वाटलं, बॅटरी आहे, म्हणजे चालतंय. डबा कुईकुई करायचा, मी त्याच्यावर फडकं टाकायचे. बॅटरी जुनी झालीय, दहा मिनिटांतच मान टाकते, हे मला कुठलं माहीत. माझं होईपर्यंत मशीन बंद पडलेलं असायचं. मी प्लग परत लावून गुपचूप निघून जायचे, आणि बाहेर ओरडा सुरू. दोघांचा मेळ माझ्या डोक्यात बसलाच नाही. देवाशपथ नाही बसला. तुम्ही समोर बसलेल्या दिवशी मी जायचेच नाही, ओला कुडता ओढणीने झाकून घरी जायचे.

मेळ बसला तो मागच्या बुधवारी. मशीन बंद पडलं ते उठलंच नाही. तुम्ही धावत आलात, म्हणालात, "लिहिता लिहिता वीज गेली की डिस्कमधलं सगळं विस्कटतं. कुणी प्लगला हात लावला होता का?" सगळे नाही म्हणाले. मीही म्हणाले.

आणि मग तुम्ही मला वेगळं विचारलंत, "पंधरा दिवसांपूर्वी काढलेली जुनी डिस्क आहे का गं? तिच्यात बिघाड आहे, पण बघतो." मी म्हणाले, "कचऱ्यात गेली." मला वाटलं, ती सापडली आणि चांगली निघाली, तर तुम्ही बिघाड दुसरीकडे शोधाल. शोधत माझ्यापर्यंत याल.

दादा, ती चांगलीच आहे. तिच्यात बिघाड कधी नव्हताच. बिघाड मी होते.

तुम्ही तिच्यातलं सगळं नवीन डिस्कवर उतरवलं, तिच्यावर निळी पट्टी लावून "खराब" लिहिलं आणि भंगारात टाकली. तिच्यातलं पुसलं नव्हतंत, मी बघत होते. वरची कॉपीही त्याच मशीनमध्ये होती, म्हणून दोन्ही गेलं. दुसरी बाहेर कुठे ठेवायला मॅडमनीच नाही म्हटलं होतं, तेही मी ऐकलंय, आणि कुणी विचारलं तर सांगेन. गेल्या पंधरा दिवसांचे छापलेले कागद रद्दीच्या पेटीत आहेत. ती रद्दी मी दिलेली नाही, जिन्याखाली ठेवलीय.

आता डिस्क कुठे आहे ते. ऑफिसचं भंगार माझा भाऊ नेतो, मागच्या गल्लीत त्याचं दुकान आहे. काल संध्याकाळी मी त्याच्याकडे गेले. सगळं सांगितलं. तो आधी हसला, म्हणाला, "म्हणजे माझ्या भाचीने अख्खं ऑफिस बंद पाडलं!" मग मी डिस्क मागितली तेव्हा हसणं गेलं. "वेडी झालीस का? तुला कुणी विचारलंय? नोकरी जाईल, भरपाई मागतील, वर मला चोर म्हणतील."

मी म्हटलं, "आणि त्या माणसाचं काय?"

"तो शिकलेला आहे. त्याला दुसरीकडे मिळेल. तुला कोण देणार?"

मी पोत्याला हात घातला तर त्याने पोतं आत नेलं आणि कुलूप लावलं. म्हणाला, "उद्या अकराला पहिलं हेच फोडतो. आतलं चुंबक विकायला काढतो, संपला विषय." तो वाईट नाही, दादा. लहानपणापासून माझ्या वाटणीचा मार त्यानेच खाल्लाय, आताही तेच करतोय. रात्रीपासून माझा फोन उचलत नाही. मी परत दारात दिसले तर अकराचीही वाट बघणार नाही. पण ऑफिसमधल्या माणसाने नीट सांगितलं तर ऐकेल. त्याला म्हणा, डिस्क ऑफिसने टाकली होती, त्याने चोरली नाही. आणि बहिणीने स्वतः लिहून दिलंय, आता लपवण्यासारखं काही उरलं नाही.

पांढरं पोतं आहे, वायरींच्या खाली निळी पट्टी. सापडली की तुम्ही स्वतः मशीनला लावा, तिच्यात नवीन काही भरू नका. बघा, तुम्हालाच शिकवतेय. तुमच्याकडूनच ऐकलंय.

मी पळून गेलेले नाही. खालचा जिना पुसतेय. मॅडमनी बोलावलं की येईन, काढून टाकलं तर जाईन. बाळीचं मी बघेन. पण तुमच्या नावावर माझी चूक नको.

पत्र मशीनवर ठेवतेय. दादांच्या आधी मॅडमनी उघडलं, चहावाल्याने उघडलं, कुणीही उघडलं, तरी माझ्यावर नंतर ओरडा. जिना उतरून मला शोधायलाही येऊ नका. कागदाच्या मागे नंबर लिहिलाय. अकरा वाजायच्या आत माझ्या भावाला फोन करा.