फळ्यापुढे दोकह्वान

प्रिय आई,
तुझी किमची पोचली, मी पोटभर जेवते. बाबांची कंबर कशी आहे?

माझी नोकरी पक्की झाली, काळजी करू नकोस. शुक्रवारी आमचे साहेब ग्वाक यांनी सगळ्यांच्या लायब्ऱ्या, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेले तयार प्रोग्राम, बंद केल्या. "नुसत्या प्रोग्रामिंगच्या भाषेत नावं अक्षरक्रमाने लावून दाखवा!" मला जमलं. कॉलेजात पहिलं वर्ष तेच घोटून घेतलं होतं.

शेजारच्या टेबलावरचे दोकह्वान जहाजाच्या कारखान्यातून चाळिशीत इकडे आलेले. घाईत लायब्ररी शिकले, भाषा राहूनच गेली. त्यांना फळ्यापुढे उभं केलं, पण साधं लूपही, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या दोन ओळीही, लिहिता येईना.

"आयत्या पिठावर रेघोट्या ओढत होता होय? आणि दळायला कोण, बायको?" साहेब म्हणाले. सगळे हसले. बिचारे दोकह्वानही हसले.

मग साहेबांनी त्यांना माझ्यापुढे वाकायला लावलं. "आजपासून ही तुमची मास्तरीण." आई, ते माझ्याहून वीस वर्षांनी मोठे!

शनिवार-रविवार मी शिकवलं. फार पटकन आलं गं त्यांना. सोमवारी फळ्यावर एकही चूक न करता लिहिलं आणि लहान मुलासारखे साहेबांकडे बघत राहिले.

"वा! आता नव्या ठिकाणी उपयोगी पडेल," साहेब म्हणाले आणि खिशातून बडतर्फीचा कागद काढला. त्यावर तारीख शुक्रवारची होती.

आपला धाकटा ह्योनू विचारत होता, थेट लायब्ररीच शिकलो तर चालेल का. त्याला आधी भाषा शिकायला सांग. बाकीचं सांगू नकोस, नाहीतर तो इकडे यायचाच नाही.

तुझीच,
सोल्ही