आधी माफी, मग मागणं

बाबा, तुम्ही हिंगणघाटच्या तहसीलसमोर बसून जन्मभर लोकांचे अर्ज लिहिलेत, आणि तुमच्याकडून शिकलेल्या एका वाक्यामुळे तुमचा नातू बेनिन नावाच्या देशात अडकून पडला आहे. देश तुम्हाला ठाऊक नसेल, मलाही नव्हता. पश्चिम आफ्रिकेत आहे, कापूस पिकवतो, म्हणून तर हा इथली सरकी काढायची जिनिंग गिरणी सोडून तिथे फिटर म्हणून गेला. यंत्राचे सुटे भाग आणायला कंपनीच्या ट्रकमधून शेजारच्या देशात निघाला होता. सीमेवर तपासणी झाली, तर ताडपत्रीखाली कच्च्या काजूची पोती. ड्रायव्हरने भरलेली, ह्याला पत्ताच नाही, आणि ड्रायव्हर तिथूनच पसार. तिथे कायदा आहे की टरफलासकट काजू देशाबाहेर न्यायचा नाही. फोडायचा तो आपल्याच कारखान्यात, आपल्याच माणसांच्या हातून. तुम्ही आज हयात असता तर मांडीवर थाप मारून म्हणाला असता, असा कायदा आपल्या कापसाले पायजे होता. मलाही तो पटतो, म्हणून धड शिव्याही घालता येत नाहीत.

तुरुंगात नाही तो. तिथे खटला उभा राहण्याआधी तपासाचं काम एका न्यायाधीशाकडे असतं. पासपोर्ट त्यांच्याकडे जमा. शहर सोडायचं नाही, दर सोमवारी जाऊन सही करायची. दीड वर्ष झालं. यंदा तिथे राष्ट्रपतीची निवडणूक झाली. पंतप्रधान वगैरे नाहीच, राष्ट्रपतीच सरकार चालवतो. मला वेडीला आशा लागली, कारण आपल्याकडे साहेब बदलला की जुन्या फायली हलतात. तिथला वकील पोराला म्हणाला, राष्ट्रपती बदलला म्हणून न्यायाधीशाचं कपाट उघडत नाही. इतकं शिस्तीचं उत्तर ऐकून मला रडूच आलं.

आता ते वाक्य. मी सातवीत आहे, सुट्टी आहे, तुमचा डबा घेऊन आले आहे. अक्षर चांगलं म्हणून तुम्ही मला अर्ज लिहायला बसवता. समोर एक विधवा बाई उकिडवी बसली आहे, रेशनकार्डातून तिचं नाव कुणीतरी कापलंय. मी लिहिते, ‘कार्यालयाच्या चुकीमुळे माझे नाव कमी झाले आहे.’ तुम्ही कागद घेता, वाचता आणि टराटरा फाडता.

“आदी माफी लिव. ‘माझ्याकडून चूक झाली, मोठ्या मनाने माफ करावे.’ मंग मांगनं.”

“पन चुकी तं त्याइचीच हाये, बाबा.”

“तुले खरं ठरवाचं हाये, का त्या बाईले रेशन द्याचं हाये? काऊन वं, माफी लिवल्यानं हात झिजते का तुया?”

चारचौघांत बोललात, मला खूप लागलं होतं. पण साहेबांनी त्याच दिवशी सही केली आणि ती बाई तुमच्या पाया पडून गेली. त्यानंतर मी तुमच्यासाठी आणि नंतर सासरी, वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेत, अर्ध्या गल्लीसाठी अर्ज लिहिले, आणि प्रत्येकाची सुरुवात माफीने केली. एकही परत आला नाही.

मग सीमेवरून फोन आला. “आई, इथं सारं फ्रेंच हाये. आपलं म्हननं लिहून द्या म्हनते. लवकर लिहून पाठव.” मी बसल्या बैठकीला लिहिलं. पोरगं दुसऱ्या मिनिटाला विचारतं, “आई, माफी काऊन? मी तं काईच नाई केलं.” हुज्जत घालायला वेळ कुठे होता? मी म्हटलं, वर्ध्याच्या मोठ्या वकिलाले इचारलं, तेच म्हनते असं लिवाचं. त्याने मोबाईलवरून फ्रेंच करून सही ठोकली. भाषांतर अगदी बरोबर होतं, मी नंतर फ्रेंच शिकवणाऱ्या एका बाईंकडून तपासून घेतलं. न्यायाधीशांनी फाईलवर लिहिलं, आरोपीने स्वतःच्या सहीने गुन्हा कबूल केला. त्यांचं तरी काय चुकलं? चूक नव्हती तर माफी कशाला मागितली, असं कुणीही विचारेल. आपल्याच तहसीलीत तेवढं कुणी विचारत नाही.

वर्ध्याचा वकील नव्हताच, बाबा. मी कुणालाही विचारलं नव्हतं. मला वाटलं होतं, तुमच्याएवढं मला येतं.

सोमवारी सही करून आला आणि त्याने फोन केला. आवाजात कितीतरी दिवसांनी उत्साह होता. “आई, इथला वकील म्हनते, त्या वर्ध्याच्या वकिलाचं बयान पायजे. ते वाक्य माह्यं नाई, त्याइनं सांगतलं, असं लेखी देल्लं तं न्यायाधीश पुन्हा इचार करू शकते. नाव-पत्ता पाठवजो लवकर.” मी हो म्हटलं. आज गुरुवार आहे. सून दोनदा विचारून गेली, “काय लिहून राह्यल्या, आई?” मी म्हटलं, किराण्याची यादी.

बयान मलाच द्यायचं आहे, एवढं मला कळतं. वाक्य मी लिहिलं, वकील खोटा होता, पोरगा निर्दोष आहे. तीन ओळींचं काम. त्या पाठवल्या तर तो कदाचित सुटेल, पण त्याला कळेल की दीड वर्ष त्याला तिथे कोणी डांबून ठेवलं. त्या वकिलाला तो रोज शिव्या देतो, बाबा. मी हूं हूं करून ऐकते. कधीकधी मीही एखादी घालते.

हे पत्र मी सगळा दोष तुमच्यावर ढकलायला लिहायला घेतलं होतं. ते काही जमलं नाही, आणि हे कुठे पाठवायचंही नाही, तर खरं ते सांगते. सोमवारीच मी मोबाईलवर पोरासाठी एक ओळ लिहून ठेवली, ‘बेटा, ते वकील वारले.’ लिहिताना डोळ्यांपुढे तुमचा चेहरा होता. ती ओळ अजून पाठवलेली नाही. पुसलेलीही नाही.