वन-टनला पाणी पाजलं तेव्हा

बाबा, तुझी गाडी चालू झाली. अंगणातून स्वतःहून बाहेर पडली आणि गल्लीचा अख्खा चढ चढून वर नाक्यावर गेली. ही बातमी मी आतापर्यंत सगळ्यांना सांगून झालेय, ऑफिसमधल्या ज्या लोकांना ट्रक आणि टेम्पोतला फरक कळत नाही त्यांनासुद्धा फोटो दाखवून बोअर केलंय. तुलाच सांगायचं राहिलं होतं. म्हणून आज बसलेय लिहायला. माझं मराठी कसं आहे तुला माहितेय, शाळेत सगळं इंग्लिशमध्ये केलं आणि घरी तुम्ही सगळे आपल्या कोळी भाषेत बोलायचा, so मधलं हे जे काही उरलं ते माझं. समजून घे.

तू गेलास तेव्हा मी चौथीत होते. तुझ्या आठवणी माझ्याकडे फार नाहीत आणि ज्या आहेत त्यातल्या अर्ध्या तरी त्या गाडीत बसूनच आहेत. मिलिटरीच्या लिलावातून तू आणलेला तो छोटा ट्रक, ती वन-टन. चपटं नाक, दोन गोल दिवे, आणि मागे लाकडी हौदा. दांड्याला, आपल्या कोळीवाड्यात, तेव्हा लोकांकडे टेम्पो होते, तूच एकटा असा की युद्धाला निघाल्यासारखा पापलेट घेऊन मार्केटला जायचास. मला अजून दिसतं ते. सकाळ आहे, मासळी उतरवून झालीय, मागच्या फळ्यांमधून बर्फाचं पाणी रस्ताभर ठिबकतंय आणि मी युनिफॉर्म घालून पुढे बसलेय, शाळेला सोडायला तू येतोयस. गाडीचं तू सगळं होडीच्या भाषेत बोलायचास. पुढचं टोक म्हणजे नाळ. स्टिअरिंग म्हणजे सुकाणू. हँडब्रेक ओढायचा असला की म्हणायचास, नांगर टाक. मला ते सगळं इतकं नॉर्मल वाटायचं की तिसरीत ‘माय फादर्स व्हेइकल’ निबंधात मी लिहून आले, माझ्या बाबांच्या ट्रकला एक रडर आहे आणि एक अँकर आहे. टीचरनी लाल पेनानं गोल केला आणि बाजूला लिहिलं, ट्रक की बोट, एक काहीतरी ठरव. घरी येऊन मी रडले. तू वही बघितलीस, वाचता काही आलं नसेल तुला, पण मी सांगितल्यावर म्हणालास की पोरीनं बरोबर लिवलंय, बाईंना एकदा दांड्याला घेऊन ये.

आणि एकदा ओरडलेलास. गाडी चालू करून तू बॉनेट उघडून वाकून उभा होतास आणि मी आत बसून सगळी बटणं ओढत होते. तू एकदम मोठ्यानं म्हणालास, “पयले आयक. मंग हात लाव.” मी घाबरून खाली उतरले. मग तू बॉनेट बंद केलंस आणि माझा कान त्यावर टेकवलास, पत्रा गरम होता म्हणून मध्ये तुझा तळवा ठेवलास. म्हणजे मी खरं तर इंजिन ऐकलंच नाही, तुझ्या हातातूनच काहीतरी थरथर आली. तेवढ्यावर मी एवढी वर्षं स्वतःला मोटर मेकॅनिक समजत आलेय.

तू गेल्यावर गाडी जिथे होती तिथेच राहिली, अंगणात भिंतीला लागून. तिच्यावर जाळी सुकली, खाली कोंबड्या बसल्या, मागचा हौदा कुजून खाली पडला. दरवर्षी पावसाळ्याआधी होड्या वर ओढल्या की काका तिच्या बाजूनं कशीबशी जागा काढायचा. यंदा त्याच्याकडे दोन होड्या दुरुस्तीला येणार होत्या आणि जागा एकीचीच. आईनं परस्पर भंगारवाल्याला बोलावलं. तो येऊन चाकाला लाथ मारून गेला, त्या लाथेनं माझं डोकंच फिरलं. मी आईला म्हटलं की मला दे, मी चालू करते. ती भाकरी थापत होती, तिनं वर पण बघितलं नाही. म्हणाली, होड्या वर येईपरयंत टाइम हाय तुला.

“सोताच्या पायानं भायेर गेली तं तुजी. उचलून न्याला लागली तं भंगारवाल्याची.”

तर मग आम्ही लागलो. आम्ही म्हणजे मी, माझा मुलुंडचा मित्र आणि काका. हा मित्र ऑफिसमध्ये माझ्या शेजारी बसतो, त्याला जुन्या गाड्यांचं माझ्यापेक्षा जास्त वेड. दर रविवारी मुलुंडहून टूलबॉक्स घेऊन यायचा. पहिल्या दिवशी सुकटीच्या वासानं त्याचा चेहरा हिरवा झाला होता, गाडीला मॅचिंग. तिसऱ्या रविवारी आईकडे जवळा मागून घेऊन भाकरीबरोबर खात होता. इंजिन जाम होतं, त्यात आम्ही तेल ओतून ठेवलं आणि रोज ऑफिसवरून आल्यावर मी हँडल लावून थोडं थोडं हलवून बघायचे. एका संध्याकाळी ते फिरलं, बाबा. नुसतं फिरलं, चालू नाही काही, पण मी हातातलं हँडल घेऊन थेट स्वयंपाकघरात नाचत गेले आणि आईनं मला काळ्या हातांसकट बाहेर काढलं. वायरी सगळ्या उंदरांनी खाल्लेल्या. कार्बोरेटर कुर्ल्याच्या भंगार बाजारात मिळाला, तो माणूस म्हणाला की हा कोणी विचारेल असं त्याला वाटलंच नव्हतं. ब्रेक लागायला लागले, रेडिएटर गळायचा थांबला, आणि मी तिला तिचा जुना मिलिटरी हिरवा रंग दिला. काकाला निळा-पिवळा पट्टा पाहिजे होता, होडीसारखा. त्यावरून दोन दिवस आमचं बोलणं बंद होतं.

मागचा हौदा मात्र पूर्ण काकाचा. तुझा भाऊ आयुष्यभर होड्याच दुरुस्त करत आलाय, त्यानं सागाच्या फळ्या आणल्या आणि असा हौदा केला की हात फिरवत राहावंसं वाटतं. पण मग तो होडीला करतात तसा फळ्यांच्या फटीत कापूस ठासायला लागला. वरून राळ. खाली, बाजूला, मागच्या फाळक्याला, म्हणजे मागे उघडतं त्या फळीच्या दाराला पण, सगळं पॅक. माझा मित्र त्याला समजावत होता की काका, हा ट्रक आहे, ह्याच्या फळ्यांमध्ये मुद्दाम फट ठेवतात, पाणी पडलं तर वाहून जायला. काका कापूस ठासता ठासता म्हणाला, “म्हनूनच मिलिटरीला नेव्ही वेगली ठेवाला लागते.” मी इतकी हसले की विषय तिथेच संपला.

मग तो रविवार आला. पुढच्या आठवड्यात होड्या वर येणार होत्या, भंगारवाल्याचा आईला फोन पण येऊन गेला होता, म्हणजे आज नाही तर नाहीच. अख्खी गल्ली बघायला उभी. आदल्या दिवशी शेजारी हळद होती, त्यामुळे अर्धे लोक अजून पिवळे आणि सगळेच मूडमध्ये. काकानं नाळेवर नारळ फोडला. मी आत, बाजूला मित्र. पहिल्यांदा नुसती खोकली, दुसऱ्यांदा पण, आणि तिसऱ्यांदा बाबा, ती अशी काही गरजली ना, कोंबड्या थेट पत्र्यावर. मी गिअर टाकला आणि ती चालायला लागली. अंगणातून बाहेर. मागे पोरं, शिट्ट्या, कोणीतरी हळदीतला ताशा घेऊन आलेला. मला वाटलं झालं.

चढावर अर्ध्यात आलो आणि तिचा आवाज बदलला. मागून कोणीतरी धरून खेचतंय असं जड जड व्हायला लागलं, नाळ वर आणि मागची बाजू खाली, आणि ती बंद पडली. मी नांगर टाकला, काकानं धावत येऊन चाकामागे दगड लावला. मी परत चालू केली, हातभर पुढे गेली, परत बंद. आरशात बघितलं तर आई कमरेवर हात ठेवून गल्लीच्या मधोमध उभी. हळदीवाली पोरं ढकलायला धावली, तेवढ्यात तिनं आवाज दिला की कोनी हात लावायचा नाय, सोताच्या पायानं बोललीय मी. पण पोरांनी फाळक्याला खांदा लावला होता आणि गाडी जरा हलली. आणि हौद्यावर बांधलेल्या ताडपत्रीच्या खालून बदाबदा पाणी त्यांच्या डोक्यावर.

ताशा थांबला. सगळ्यांनी काकाकडे बघितलं.

काय झालं होतं सांगते. नवीन होडी केली की तो तिच्यात पाणी भरून ठेवतो ना, लाकूड पाणी पिऊन फुगावं आणि फटी घट्ट बसाव्यात म्हणून? तेच त्यानं आदल्या संध्याकाळी गाडीला केलं होतं. हौद्यात पाइप सोडला, मांजरं नकोत म्हणून वरून ताडपत्री बांधली, आणि हळदीला गेला. पाइप बंद करायची आठवण त्याला उशिरा आली आणि पाणी काढून टाकायची आलीच नाही. म्हणजे मी तो चढ एक पाण्याची टाकी घेऊन चढत होते, आणि चढावर ते सगळं पाणी मागे येऊन बसत होतं. मला वाटलं आता काका तोंड लपवेल. त्यानं ताडपत्री वर केली, आत वाकून बघितलं आणि त्याचा चेहरा असा उजळला जसं त्याला बक्षीस मिळालंय.

“बग. रातभर ऱ्हायलं. थेंब पन गलला नाय.”

मित्रानं टूलबॉक्समधून ड्रिल काढलं. म्हणाला, दोन मिनिटं, खाली एक भोक पाडतो, सगळं निघून जाईल. काका दोन्ही हात पसरून फाळक्यासमोर उभा राहिला. एवढा सिरीयस मी त्याला फक्त तुझ्या वेळेला बघितलाय. म्हणाला की मी आजपरयंत होरीला भोक पारलं नाय, लोक माज्याकरं भोक बुजवाला येतात. फाळका उघडावा तर तोही त्यानंच राळ लावून बसवलेला. मी स्टिअरिंगला डोकं टेकवून बसले. एका बाजूला भंगारवाला, एका बाजूला काका.

आणि आई घरात गेली. मला वाटलं फोन करायला गेली. ती परत आली ती मासळीचं घमेलं घेऊन. लुगडं खोचलं, टायरवर पाय देऊन वर चढली, आणि पहिलं घमेलं भरून सरळ काकाच्या अंगावर.

“होरीत पानी भरलं तं कोन भोक पारत नाय. उपसतात.”

त्यानंतर जे झालं ते मला नीट सांगताच येणार नाही. बादल्या, पातेली, हळदीचे टोप, जे हाताला लागेल ते घेऊन सगळ्या बायका गाडीत. मिलिटरीच्या ट्रकमधून भर गल्लीत पाणी उपसतायत आणि ते कुठे टाकायचं तर अर्थातच एकमेकींवर. माझा मित्र ड्रिल छातीशी धरून भिजत उभा. मी आईला खालून विचारलं, हे चालतं का पण? तिनं सांगितलं की उपसनं म्हंजे ढकलनं नाय, आणि नियम तिचा होता, so विषय संपला. हौदा रिकामा झाल्यावर बायका उतरल्या. आई नाही उतरली. मी चालू केली, आणि ह्या वेळी बाबा, ती चढ असा चढली जसं काही झालंच नव्हतं. आरशात मला आई दिसत होती, पूर्ण भिजलेली, हौद्याची कड धरून ताठ उभी, होडी हाकणारी तांडेलीणच. नाक्यावर थांबवली तरी ती खाली येईना. इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाली, अजून एक फेरी मार.

आता गाडी नाक्यावरच्या मोकळ्या जागेत उभी असते. अंगणात दोन्ही होड्या आल्या. काका येणाऱ्या-जाणाऱ्याला हौदा दाखवतो आणि थेंब पण गळला नाही ते सांगतो. पासिंग-बिसिंगची भानगड अजून बाकी आहे, ते बघू.

हे पत्र मी कुठे ठेवणार नाहीये, छापणार पण नाही. फोनमध्येच लिहितेय आणि फोनला लॉक आहे. कारण काकाच्या हातात पडलं तर माझी वाट लागेल. उघड्यावर उभी आहे ना ती, पाऊस पडला की हौदा भरणार आणि दर वेळेला मी कुठून बायका गोळा करू? म्हणून गेल्या रविवारी मित्राला पहाऱ्याला उभं केलं आणि मागच्या डाव्या चाकाच्या वर, जिथे काकाला वाकल्याशिवाय दिसणार नाही आणि त्याचे गुडघे दुखतात, तिथे एक भोक पाडलं. अगदी छोटं. त्यात बूच आहे, बुचाला हिरवा रंग आहे. खूप खूप वर्षांनी काका तिकडे तुझ्याकडे आला आणि हौद्याचं सांगायला लागला, तर तू आपला नुसता हो म्हण.