तिमाहीअखेरची सही

१० सप्टेंबर
आजही रिकामा दिवस. मशीनचे ओतीव लोखंडी बेड अजून बंदरातच अडकलेत. बेडच नाही तर मशिनं जोडणार कशावर? फिटर लोक फरशी पुसतात. तीच फरशी, परत परत! मी क्वालिटीवाली. मी काय तपासू – पुसलेली फरशी?

कारेल मात्र मजेत. हा झेक म्हातारा वर्षभराच्या करारावर आलाय, ऑक्टोबरात परत जाणार. मशीनचे लोखंडी पृष्ठभाग हातानं खरवडून सपाट कसे करायचे ते आमच्या लोकांना शिकवतो. कम्युनिस्टांच्या काळात अशाच एका कारखान्यात त्याचं तारुण्य गेलं. म्हणाला, "आमच्याकडे महिन्याची सुरुवात अशीच. माल नाही, पत्ते खेळा. मग थोडं काम. आणि शेवटचा आठवडा – युद्ध!"

१३ सप्टेंबर
काही नाही. जेवले, झोपले.

१७ सप्टेंबर
बेड आले. विवेकनं लगेच बोर्ड लावला – तिमाहीचं टार्गेट लाल अक्षरात. निम्मंसुद्धा झालेलं नाही. "करूया ना, अनुया. होतं गं शेवटी!" मॅनेजर झाला तरी पुण्यातल्या कॉलेजच्या गॅदरिंगसारखंच बोलतो. आजपासून डबल शिफ्ट. असेंब्लीत एसी नाही. बांगलादेशी फिटर जेवणाच्या सुट्टीत पुठ्ठे पसरून तिथंच आडवे होतात, मी त्यांच्या पायांवरून वाट काढत जाते.

घरी पाऊल टाकलं की नवऱ्याचा, रत्नदीपचा, रोजचा प्रश्न – "पासचं काही कळलं?" त्याचं लॅबचं काँट्रॅक्ट मेमध्ये संपलं. आता तो आणि आर्या, दोघंही या देशात माझ्या नोकरीच्या पासवर. माझा पास नोव्हेंबरात संपतो. कंपनीनं रिन्यू केला तर राहायचं, नाहीतर बोजाबिस्तरा गुंडाळायचा. आर्याची सहावीची मोठी परीक्षा तोंडावर आलीय. तीच मला इथल्या पोरांसारखी म्हणते, "आई, डोन्ट स्ट्रेस लाह."

२१ सप्टेंबर
कँटीनमध्ये कारेल सुटला होता. थंडीत लोखंडाला हात चिकटायचे, हातमोजे मिळायचे नाहीत. महिनाअखेरीला गिअर नसलेलं मशीनसुद्धा रंगवून गाडीत चढवायचे. रंग ओला, पण योजना पूर्ण! बँड वाजायचा.

मी विचारलं, "अशा मशीनवर सही कोण करायचं?"

"रिटायर व्हायला आलेला. प्रत्येक खात्यात असा एक म्हातारा असायचाच. त्याचं कोण काय करणार? बाकीच्यांना पोरंबाळं."

टेबलावर हात आपटून हसला. मला हसू आलं नाही. हल्ली येतच नाही.

२६ सप्टेंबर
शेवटच्या मशीनच्या दाराचं कुलूप आलेलंच नाही. चक – तुकडा पकडून गरगर फिरवणारा जबडा – फिरत असताना दार उघडू नये म्हणून ते असतं. आता इलेक्ट्रिशियननं तिथं वायर जोडून दिलीय – मशीनला वाटतं दार बंदच आहे. उघडा, आत हात घाला, चक फिरतोच आहे.

विवेक म्हणाला, "कुलूप कस्टमरकडे जाऊन बसवू. तू सही कर."

"आणि तोवर कुणी हात घातला तर?"

"अगं, हात कशाला घालेल कुणी?" मग आवाज खाली आणून, "तुझी रिन्यूअलची फाइल माझ्याच टेबलावर आहे. बघ बाई."

धमकीसुद्धा किती गोड! राग यायला हवा होता. नाही आला. जुरोंग ईस्ट स्टेशनला उतरले, कोथिंबीर घेतली, घरी आले.

२७ सप्टेंबर
रत्नदीपला सांगितलं. त्यानं ताटं घेतली. मग – "तू ठरव." झालं! म्हणजे सगळं माझ्याच गळ्यात.

२८ सप्टेंबर
नाही म्हणाले. तोंडातून निघून गेलं खरं. विवेक नुसतं "ओके" म्हणाला.

३० सप्टेंबर
मशीन गेलं. सही कारेलची – सीनियर म्हणून त्याचीही चालते.

कुणी सांगितलं नव्हतं त्याला. म्हातारा आपणहून विवेकच्या केबिनमध्ये गेला आणि सही ठोकून आला. मी भडकले. "कशाला केलीत? वायर तिथंच आहे ना!"

"कुलूप येईल. मी पुढच्या आठवड्यात घरी चाललो, माझं कोण काय करणार? तुझी मुलगी परीक्षा देतेय ना? जा, तिच्याकडे बघ."

त्याच्याशी भांडायचं की त्याचे पाय धरायचे? काहीच केलं नाही. हायसं वाटलं. खरं सांगायचं तर फारच हायसं वाटलं.

८ ऑक्टोबर
कारेल गेला. कँटीनमध्ये केक कापला. मला म्हणाला, त्या कुलपाच्या मागे लाग. हो म्हटलं.

२२ ऑक्टोबर
पास रिन्यू झाला! रत्नदीपनं शिरा केला, थोडा करपवला. आर्या नाचली. मीही नाचल्यासारखं केलं.

विवेकला कुलपाचं विचारलं. "येईल गं." परत विचारलं नाही.

६ नोव्हेंबर
त्या मशीननं एकाचा हात पकडला. कस्टमरकडचा ऑपरेटर, सकाळची पाळी. धातूचा कीस अडकला म्हणून दार उघडून आत हात घातला. बोटं गेली. नाव विचारलं तर विवेकला माहीत नव्हतं.

दुपारी हेड ऑफिसची दोन माणसं आली. मला समोर बसवलं. "हे मशीन कारेलनं एकट्यानंच तपासलं होतं ना? तुम्हाला त्या वायरचं काही माहीत नव्हतं?"

विवेक खिडकीबाहेर बघत होता.

नव्हतं, म्हणाले.