लांब बाह्यांचा झगा

पुणे,
१६ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. आण्णा व आई यांस,
सा. न. वि. वि.

आईशी फोनवर बोलणं होतं, पण आण्णा, त्या वेळी तुम्ही शेजारी बसून नुसतं तिच्या तोंडाकडे बघत राहता, हे मला माहीत आहे. शिरोलीच्या कारखान्यातल्या भट्टीनं तुमचे कान खाल्ले. म्हणून तुम्हाला पत्रच लिहायचं असं मी ठरवलं होतं, ते अजून पाळतोय. या वेळी बातमी चांगली आहे.

एप्रिलात शनिवार ते सोमवार सलग सुट्टी येते. आमच्या सोसायटीतली दोन कुटुंबं आणि आपण असे मिळून घाटाखालच्या ‘रंगदरी’ रिसॉर्टला जायचं ठरतंय. आपण म्हणजे मी, अक्षता, मोना आणि तुम्ही दोघं. आकाशपाळणे, भुताचं घर, छोटी आगगाडी, पाण्यातल्या उंच घसरगुंड्या, सगळं एकाच आवारात आहे आणि राहायला एसी खोल्या. नाष्टा हवा तेवढा घ्यायचा. आण्णा, तुम्ही पातेलंभर पोहे मागितलेत तरी कुणी हू की चू करणार नाही.

आपण सगळे मिळून नुसत्या मजेसाठी कधीच कुठं गेलो नाही. लग्न, मयत आणि दवाखाना, यापलीकडं आपला प्रवास नाही. मोनानं शाळेत सांगूनही टाकलंय की मोठ्या घसरगुंडीवरून ती आजीचा हात धरून येणार. पाण्यात साडी चालत नाही, नायलॉनचे कपडे लागतात. हे आईला आत्ताच सांगा, म्हणजे तिचा रुसवा तिकडंच आटपेल. दोघांच्या आधार कार्डाच्या झेरॉक्स पाठवा.

तब्येत सांभाळा. माया आहेच, ती अशीच राहू द्या.

तुमचा,
प्रसेनजीत

*

कागल,
२४ फेब्रुवारी २०२५

चि. प्रसेनजीत यास,
अनेक आशीर्वाद व सप्रेम जय भीम. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तुझी आई आधी हसली, मग रडली, मग सगळ्या गल्लीला सांगून आली. तानाबाईला तर तिनं त्या घसरगुंडीची उंचीबी सांगितली, जशी काय हिनंच मापलीया.

रुसवा कसला घेऊन बसलास! दुसऱ्या दिवशी एसटीनं कोल्हापूरला गेली आणि जांभळं नायलॉन घेऊन आली. मशीनवर बसून अर्ध्या बाह्यांचा झगा आणि खाली विजार शिवली, आणि घालून माझ्याम्होरं उभी राहिली. सर्कशीत नोकरी लागली काय, असं मी इचारलं, तर संध्याकाळी चहात साखर न्हाई. पण खरं सांगू, चांगली दिसत होती.

आमच्या लग्नापासनं ती माझ्यासंगं गेली ती नागपूरला आणि सहा डिसेंबरला मुंबईला. डोक्यावर भाकरीचं गठुळं आणि पायाला फोड. त्याचा अभिमान हाय, पण त्याला कुणी सहल म्हणत न्हाई. ही तिची पैलीच.

तुझी सलग सुट्टी कॅलेंडरात बघितली. सोमवार म्हंजे चौदा एप्रिल की रं! जयंतीला मी गल्लीत न्हाई असं कधी झालेलं न्हाई. मंडळाची पोरं मला सोडणार न्हाईत. पण बायकोला फिरवायला चाललोय म्हटल्यावर बाबासाहेब काय माझ्यावर रागवायचे न्हाईत, असं म्हणून मी यायचं ठरवलं. ही सुट्टी कुणामुळं मिळती, तेवढं तुझ्या दोस्तांस्नी सांगून ठेव.

झेरॉक्स सोबत हायत. तुझ्या पत्राच्या डोक्यावर जय भीम लिवायचं राहिलंय, घाईत असशील. मोनीला पापा. आम्हा दोघांवर जीव ठेव.

तुझे,
आण्णा

*

पुणे,
५ मार्च २०२५

ती. स्व. आण्णा यांस,
सा. न. वि. वि.

झेरॉक्स मिळाल्या. खोल्या ठरल्या. तुमची खोली आमच्या शेजारीच आहे.

दोन-चार बारीक गोष्टी कळवायच्या होत्या, मनावर घेऊ नका. यापुढं पोस्टकार्ड कधी टाकू नका, पाकिटातच पत्र पाठवा, कारण इथं वॉचमन सगळ्यांची टपालं खाली टेबलावर पसरून ठेवतो. तिथं भेटल्यावर सगळ्यांना नमस्कार म्हटलं की पुरे. टोपीवरचा निळा बिल्ला प्रवासात हरवेल, तो घरी ठेवा. सोमवारी सकाळची मेणबत्ती आपण आपल्या खोलीत लावू, दार लावून, म्हणजे निवांत होईल. आधार कार्डं काउंटरवर मीच दाखवीन, तुम्ही तोवर लांब सावलीत बसा.

आणि आईला सांगा की झग्याला लांब बाह्या लाव, मनगटापर्यंत. एप्रिलचं ऊन फार वाईट असतं. पाण्यात कातडी लगेच भाजते.

मोनाची परीक्षा जवळ आली आहे, पण तिचं लक्ष घसरगुंडीतच. कृपा असू द्या.

तुमचा,
प्रसेनजीत

*

कागल,
१३ मार्च २०२५

चि. प्रसेनजीत यास,
आशीर्वाद व जय भीम. वि. वि.

बाह्यांचा निरोप तुझ्या आईला दिला. तिला आभाळ ठेंगणं झालं. माझ्या लेकाला माझ्या कातड्याची काळजी हाय, असं तिनं नळावर सांगितलं, गिरणीत सांगितलं. जांभळं कापड संपलंतं, दुकानात निळंच मिळालं, म्हणून बाह्या निळ्या लावल्यात. ध्यान दिसतंय, पण तिला कोण सांगणार!

आता माझं ऐक. उभा जन्म तिनं दुसऱ्याच्या उसात भांगलण केली, ऐन चैताच्या उन्हात. तवा तिच्या कातड्याची चौकशी कुणी केली न्हाई, तूबी न्हाई आणि मीबी न्हाई. मग आत्ताच बरी तुला आठवण झाली?

माझे कान गेलेत, डोकं जाग्यावर हाय. बिल्ला नको, कार्ड नको, मेणबत्तीला दार लावायचं, आणि तिच्या बाह्या मनगटापर्यंत. तिच्या उजव्या हातावर कोपराच्या खाली जय भीम गोंदलंय. ते झाकायचं हाय काय तुला? व्हय तर व्हय म्हण, न्हाई तर न्हाई म्हण, पण बापाशी उन्हाच्या गोष्टी करू नको. तिला मी अजून काय बोललो न्हाई. ती खुशीत हाय, तिला खुशीत बघून मला झोप लागत न्हाई.

सरळ उत्तर पाठव.

आण्णा

*

पुणे,
२० मार्च २०२५

ती. स्व. आण्णा यांस,
सा. न. वि. वि.

ओळखलंत. मग आता लपवण्यात अर्थ नाही. व्हय, ते झाकायचं आहे.

मी कांबळेचा कागलकर झालो तेव्हा तुम्ही एका शब्दानं विचारलं नाहीत. मला वाटलं, तुम्हाला समजलं. घर बघायला गेलो की खोली पसंत पडायची, आडनाव सांगितलं की मालकाचा पुतण्या अचानक राहायला येणार असायचा. आधीच्या सोसायटीत मोनाच्या वाढदिवसाला शेजारच्या बायका आल्या, भिंतीवरचा फोटो बघितला आणि लेकरांना घेऊन उभ्या उभ्या परत गेल्या. कुणाचा घसा दुखत होता, कुणाच्या घरी पाहुणे येणार होते. केक आम्ही तिघांनीच खाल्ला. दुसऱ्या दिवशी मोनानं विचारलं की सगळ्यांचा घसा एकदम कसा दुखला. त्यानंतर इथं आलो. इथं भिंतीवर फोटो नाही, आणि मोनाला मैत्रिणी आहेत.

तुम्हाला शिवी तोंडावर मिळायची, तुम्ही तोंडावर उत्तर द्यायचात. इथं कुणी शिवी देत नाही हो. गोड हसतात आणि दुसऱ्या दिवसापासून लिफ्टमध्ये मोबाईल बघत उभे राहतात. तुमच्या मागं सगळी गल्ली होती. माझ्या मागं कोण आहे, सांगा. तीन दिवसांचा तर प्रश्न आहे, आण्णा. तीन दिवस बाह्या घातल्यानं आईचं काय जाणार आहे?

अक्षतालाही हे पटलेलं नाही. ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. तुम्ही तरी समजून घ्या आणि आईला यातलं काही कळू देऊ नका. बाह्या शिवून झाल्याच आहेत, राहू देत.

राग मनात ठेवू नका.

तुमचा,
प्रसेनजीत

*

कागल,
२९ मार्च २०२५

चि. प्रसेनजीत यास,
आईचा आशीर्वाद आन जय भीम.

मी तुला कधी पत्र लिवलं न्हाई, फोनवर भागत हुतं. पर ह्ये फोनवर बोललो असतो तर मधीच रडलो असतो, आन तू कामात हाय म्हणून ठेवला असतास. तुझं पत्र तुझ्या आण्णांनी माझ्याम्होरं ठेवलं आन भाईर जाऊन बसले. लपवाया सांगितलंतंस, पर त्या माणसाला माझ्यापासनं काय लपवाया येत न्हाई, तुला ठावं हाय.

बाह्या उसवल्या. आमी येत न्हाई. तुझ्या दोस्तांस्नी सांग, आईचं गुडघं धरलंत. तानाबाईला मीबी त्येच सांगितलं. एवढं खोटं मी तुला देतो. सगळ्या गावात सांगत फिरलो की लेकाला माझ्या कातड्याची काळजी हाय, आता खरं कुठल्या तोंडानं सांगू?

मला लई हौस हुती रं. लई. झगा घालून न्हाणीत बसलो आन अंगावर तांब्या वतून बघितला, भिजल्यावर चिकटतंय काय म्हणून. म्हातारपणी काय ह्यो चाळा, असं माझं मलाच हसू आलं. आता त्येच आठवून लाज वाटती.

ह्ये गोंदण मी लगीन व्हायच्या आधी जत्रंत करून घेतलं. माझा बा नको म्हणत हुता, लोक कामावर घेणार न्हाईत म्हणत हुता. पुढं एका मळ्यात मालकिणीनं ह्यो हात बघून पानी वरनं वतलं. मी वंजळ मागं घेतली, हात झाकला न्हाई. तू पाटी हातात धरायच्या आधी ह्या हातावर बोट फिरवून अक्षरं गिरवलीस. ज हितंच शिकलास, भ हितंच शिकलास. दिवाळीला मोनीबी तशीच मांडीवर बसून गिरवत हुती, तू समोर मोबाईल बघत हुतास.

केक तुमी तिघांनीच खाल्ला, ह्ये वाचून त्या बायांच्या झिंज्या उपटाव्यात असं वाटलं. तुझा राग येत न्हाई असं न्हाई, तुझाबी येतो. त्यांनी माझ्या लेकराला भ्या घातलं, आन भ्यालेल्या लेकरानं मला झाकाया काढलं.

ह्ये एक पत्र पाकिटात घालतो. ह्याच्यापुढं लिवीन ते उघड्या कार्डावर, वर जय भीम घालून. टेबलावर पडू दे, कुणाला वाचायचं त्येनं वाचू दे. तुला नको असंल तर तसं कळव, मी लिवणार न्हाई. तुमी तिघं जा, मजा करा. मोनीला घसरगुंडीवर एकटीला सोडू नको, हात धर.

तुझी,
आई

*

पुणे,
१६ एप्रिल २०२५

ती. स्व. आईस,
सविनय जय भीम. वि. वि.

आम्ही जाऊन आलो. तुझ्या गुडघ्यांची सगळ्यांनी चौकशी केली, एका वहिनींनी तेल सुचवलं. पहिले दोन दिवस बरे गेले. मोना आगगाडीत बसली, भुताच्या घरात माझ्या गळ्याला मिठी मारून डोळे मिटून बसली. मोठ्या घसरगुंडीवर मात्र चढायलाच तयार नव्हती.

सोमवारी सकाळी आम्ही आवरत असताना तिनं अक्षताच्या डोळ्यांची काळी पेन्सिल घेतली. आम्हाला कळलंही नाही. पाण्यावर सगळे जमल्यावर ती धावत आली आणि उजवा हात वर करून सगळ्यांना दाखवायला लागली. कोपराच्या खाली मोठ्या वाकड्या अक्षरांत जय भीम लिहिलं होतं. आजी आली नाही म्हणून आजीचा हात आणलाय, आता घसरगुंडीवरून येते, असं ती ओरडून सांगत होती. तुझ्यासारखंच लिहिलं होतं, आई. वेलांटीसुद्धा चुकली नव्हती.

मी तिला उचलून नळाखाली नेलं आणि साबण लावून घासलं. ते लवकर निघेना, म्हणून जोरात घासलं. तिची कातडी लाल झाली. आजीचं पाण्यानं जात नाही, मग माझंच का घालवतोस, असं ती हुंदके देत विचारत होती. मी पुन्हा साबण लावला. अक्षता कोरडा टॉवेल घेऊन मागं उभी होती, तिनं तो मला दिला नाही. मोनाला घेऊन ती तिथूनच माहेरी, सांगलीला गेली. मोनाची उन्हाळी सुट्टी संपल्यावर बघू म्हणाली.

सगळ्यांनी पाहिलं होतं. कुणी एका शब्दानं काही म्हटलं नाही, नाष्ट्याला सगळे गोडच बोलले. काल सोबत आलेले दोघं शेजारी खाली लिफ्टमध्ये भेटले, तेव्हा दोघंही मोबाईल बघत होते. कदाचित काम असेल. कदाचित मलाच तसं वाटत असेल.

आण्णांनी गल्लीत मेणबत्ती लावली असेलच. पत्राच्या डोक्यावर आण्णा म्हणाले होते तसं लिहिलंय, बघ. लिहिताना बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. कार्डाचं मात्र आत्ताच नको, आई. अजून सगळ्यांनाच कळलंय असं नाही. लिहायचं सोडू नकोस, माझ्यावरची माया सोडू नकोस. पण पाकिटातच घाल, आणि कडेला डिंक नीट लाव.

तुझा,
प्रसेनजीत