भिंत पाडावी

प्रिय मामा,

आई मागे लागलीय, तुम्हाला निकाल कळव म्हणून. वकिलीच्या सनदेच्या परीक्षेत मी पुन्हा नापास झाले, एका मार्काने. अभ्यास केला नाही असं समजू नका.

शेजाऱ्याने खिडकीसमोर भिंत बांधून उजेड अडवला, तर कोर्टाने काय करावं? पेपरात चक्क तुम्ही लढवलेली केस! मी डोळे झाकून पर्याय निवडला: भिंत पाडावी. ती पाडली तेव्हा तुमचं बोट धरून मी तिथेच उभी होते ना! तुमच्या अशील त्या शिवणवाल्या बाईंच्या मशीनवर ऊन कसं अलगद उतरलं होतं. परीक्षा मंडळाच्या उत्तरतालिकेत मात्र ‘नुकसानभरपाई पुरेशी’. तक्रार केली, तर म्हणे आमचंच उत्तर अंतिम. मग तुम्ही जिंकलात ते काय होतं?

काल स्वप्नात तुम्ही काळा कोट घालून माझ्याच बाकावर पेपर सोडवत होतात. खिडकीबाहेर भिंत हळूहळू चढत गेली, कागद दिसेनासा झाला. तरी तुम्ही चाचपडत माझाच पर्याय निवडलात आणि हसून विचारलंत, “बरोबर आहे ना गं?”

म्हणून हे पत्र टाकत नाही, मामा. तुम्हीही नापास झालात, हे कोणत्या तोंडाने सांगू?

तुमच्याच बाकावरची,
भाची