यंत्राच्या पाठीवरचा नंबर

मिरकरवाडा, रत्नागिरी
मंगळवार

अज़ीज यासीनमियाँ यांस गफूरभाईचा सलाम आणि दुवा.

आम्ही सगळे अल्लाच्या मेहेरबानीने आपापल्या पायांवर उभे आहोत, तूही कुवेतात तसाच असशील अशी उमेद आहे. तुझ्या आपाचा, म्हणजे आमच्या बेगमचा, गुडघा कुरकुरतोय. फुजैलला (तुझा भाचा, तीन वर्षांत विसरला असशील म्हणून सांगतो) मिशा फुटल्या आहेत आणि त्यांच्याबरोबर अक्कलही फुटली असा त्याचा समज आहे. पत्र कशाला, असं म्हणशील. अरे बाबा, मी फोन केला की तुझं नेटवर्क जातं. पत्राची ती भानगड नाही.

तर आमच्या लाँचवरचा फिशफाइंडर ऐन सुरमईच्या दिवसांत मेला. खाली मासे आहेत की नुसताच चिखल, काही कळेना. मी म्हटलं, नवा आणतो. फुजैल म्हणाला, असं नाही चालत, किंमत, गुण आणि सपोर्ट तिन्ही तोलायचं, आणि वहीत रकाने आखून बसला. दुकानातलं यंत्र गुणी, पडदा रंगीत, पण किंमत ऐकून मला खुर्ची मागावी लागली. सपोर्टला फोन लावला तर 'मराठीसाठी तीन दाबा'. दाबलं, तर तिकडची बाई हिंदीत माफी मागायला लागली. ऑनलाइनचं स्वस्त, वर हवामान सांगणार, नाडीही मोजणार (कोणाची, देव जाणे), पण बिघडलं तर मूळ खोक्यासकट चीनला धाडायचं. खोकं आमच्या घरात दोन दिवस टिकत नाही, त्यात मांजर वितं. तिसरं निघालं आप्पाकडे. जेटीजवळ होड्यांचं जुनं सामान विकतो तो. पडद्यावर चरे, बटणं झिजलेली, पण किंमत सगळ्यांत कमी आणि पाठीवर मार्करने एक फोननंबर, खाली 'अडचण आली तर लाव.' आप्पा म्हणाला, आजन्म सपोर्ट आहे. कोणाच्या आजन्म, ते मी विचारलं नाही. चुकलंच माझं.

पहिल्याच फेरीला, भर दुपारी, वारा मेलेला, पाणी तेलासारखं थिजलेलं, आणि यंत्र काळं पडलं. किनारा दिसेना इतके आम्ही बाहेर. मोबाइलला एक दांडी नव्हती. रागाच्या भरात मी तो नंबर दाबला. पहिल्या रिंगला उचलला, यासीन! म्हातारा माणूस. म्हणाला, गफूर, बटणांवर राग काढू नको, मागची वायर काढ, खार पुसून घे, बिस्मिल्ला म्हण आणि लाव. यंत्र लागलं. माझं नाव त्याला कसं कळलं याचं मला नवल वाटलं नाही. हल्ली कंपन्यांकडे आपला रक्तगटसुद्धा असतो. खलाशी मात्र माझ्याकडे बघत राहिले. त्यांचं म्हणणं, तांडेल बंद फोनशी बोलतोय.

पुढे रोज लावायला लागलो. काय तो सपोर्ट! दीपस्तंभ डाव्या खांद्यावर ठेव म्हणाला, ठेवला, तर जाळं वर ओढवेना एवढी सुरमई. एकदा मागे कुठेतरी पाणी गळत होतं, टिप टिप. मी विचारलं, नळ राहिलाय का चालू? म्हणाला, हे असंच असतं इथे. म्हटलं, सपोर्टवाल्याला घरचं काय विचारायचं?

आता आपली रीत तुला ठाऊक. मासा दाखवील त्याचा वाटा काढायचा, मग तो लाँचवर असो वा नसो. मी विचारलं, चाचा, तुमचा वाटा कुठे पाठवू? मागे टिप टिप चालूच. म्हणाला, माझा वाटा खुर्शीदकडे दे. तिला सुरमईचं डोकं आवडतं.

परक्या माणसाने माझ्या बायकोचं नाव घेतल्यावर मी तडक घरी आलो, यंत्र काढून तिच्यासमोर आदळलं आणि विचारलं, कोण हा? ती नंबर वाचायला लागली. शेवटचे चार आकडे तिने डोळे मिटून म्हटले. मग भिंतीला टेकून बसली. नंबर तुझ्या अब्बांचा. खाली अक्षर त्यांचंच.

तू म्हणशील, जावई असून आवाज ओळखला नाही? अरे, त्यांनी हयातीत मला तीन वाक्यं ऐकवली, तीही नकाराची. इतक्या सबुरीने बोलणारा माणूस माझा सासरा असेल हे कसं सुचावं? आणि त्यांचा नंबर माझ्याकडे नव्हताच. आपण होऊन सासऱ्याला फोन लावणारा जावई मी नव्हे.

मग आप्पाला गाठून विचारलं तेव्हा हेही कळलं, की हे यंत्र तू दुरुस्तीला नेलं होतंस, आणायला विसरलास, आणि अब्बा त्याच्याविना दर्यात गेले ते गेलेच. होडीही सापडली नाही, खिशातला फोनही नाही. त्यांच्या चाळिसाव्या दिवसाचा फातिहा झाल्यावर तू ते आप्पाला विकलंस आणि विमान धरलंस. आपाला तू हे कधी सांगितलं नाहीस. मी सांगितलं. ती रडली, मग तुला शिव्या दिल्या, मग तुझ्यासाठी सुरमई खारवायला ठेवली.

तुझा,
गफूरभाई

ता. क. फुजैलने चौकशी केली. नंबर तीन वर्षांपासून बंद आहे. त्याने वहीत सपोर्टच्या रकान्यात दहापैकी दहा लिहिले आणि तेव्हापासून तो लाँचवर येत नाही.

ता. क. दुसरा. काही आणू नकोस, ना सेंट ना चॉकलेट. नुसता ये. आपा वाट बघतेय, मीही बघतोय म्हण.

ता. क. तिसरा. खरं म्हणजे एवढ्यासाठीच पत्र लिहिलं. काल अब्बा म्हणाले, दर शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजनंतर मी यासीनला फोन लावतो, तो नंबर बघतो आणि कापतो. हे पत्र मिळालं की येणाऱ्या शुक्रवारी उचल. रागावलेले नाहीत. मी दोनदा विचारून घेतलंय.